पाच पावत्या

२००८ सालच्या पावसाळ्यात सांगलीकडच्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, वरच्या ओळीचं बटण चालतंय, खालचं काय चालत न्हाई बघा." पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्यांच्या दूध संकलनाचा तक्ता मीच बनवला होता. सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम आणि शेवटी 'पावती' असं एक बटण. पान उघडलं की एक ओळ दिसायची. पुढचा सभासद किटली घेऊन आला की 'नवीन ओळ' दाबायचं, खाली दुसरी ओळ उमटायची. त्या दुसऱ्या ओळीतलं 'पावती' दाबलं तर काहीच होत नव्हतं.

चूक माझीच होती. पान लोड होताना मी जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीला सांगितलं होतं, की पावतीची जेवढी बटणं आहेत तेवढ्यांना हा क्लिक हँडलर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालायचा कोड, लाव. त्या क्षणी बटण एकच होतं. नंतर जन्मलेल्या बटणांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग मी उपाय केला तो त्या काळी बहुतेक जण करत तोच: नवी ओळ आली की सगळी बटणं पुन्हा बाइंड करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. आता बटणं चालत होती, पण पाच ओळी झाल्यावर पहिल्या सभासदाच्या पाच पावत्या निघत होत्या, दुसऱ्याच्या चार, शेवटच्याची एक. बटण जितक्यांदा बाइंड झालं तितके हँडलर त्याच्यावर साचले होते. डेअरीत पावती म्हणजे पैसा. त्या दिवशी सचिवांनी सगळं संकलन वहीत हाताने लिहिलं, आणि मला रात्री झोप लागली नाही.

उत्तर मिळालं ते नंतर. पण शोधता शोधता जे कळलं त्याने मी जास्त हलले. हा आजार ज्या ब्राउझरने आणला, त्याच ब्राउझरने त्याच वर्षी औषधही आणलं होतं. आमच्या धंद्याने ती बाटली जवळपास बारा वर्षं फारशी उघडलीच नाही.

या गोष्टीचं पहिलं टोक वेबच्याही आधीचं आहे. १९८७ मध्ये अॅपलने हायपरकार्ड आणलं. बिल अॅटकिन्सनने बनवलेलं हे सॉफ्टवेअर म्हणजे पडद्यावरच्या पत्त्यांची गड्डी, आणि तिच्यासाठी डॅन विंकलरने हायपरटॉक नावाची भाषा लिहिली. त्यात बटण दाबून सोडलं की 'माउसअप' असा निरोप निघायचा. बटणाकडे त्याचं उत्तर नसेल तर निरोप कार्डाकडे जायचा, तिथून पार्श्वभूमीकडे, मग गड्डीकडे, मग होम गड्डीकडे आणि शेवटी खुद्द हायपरकार्डकडे. खालचा गप्प राहिला तर वरचा ऐकतो, ही कल्पना तिथे पूर्ण रूपात होती.

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला. 'ऑनक्लिक'सारखी नावं ठेवताना त्याच्या डोळ्यांसमोर हायपरटॉक होतं. नाव आलं, पण निरोपाचा प्रवास आला नाही. नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीत ऑनक्लिक थेट बटणाच्या किंवा दुव्याच्या टॅगमध्येच लिहायचं. पान एकदा छापलं की छापलं, त्यात नवी ओळ घालायची सोयच नव्हती. त्यामुळे 'नंतर आलेल्या बटणाचं काय' हा प्रश्न उद्भवणंच शक्य नव्हतं. आमच्या धंद्याची सवय मात्र तिथे पडली: क्लिक बटणाची मालमत्ता, म्हणून हँडलर बटणावरच. बोलतानाही आपण 'बटणाची क्लिक' म्हणतो. माझ्या मते पुढची सगळी रखडपट्टी त्या षष्ठी विभक्तीत आहे.

मग आलं १९९७. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत पानावरच्या प्रत्येक घटकाला हात लावता येऊ लागला आणि 'इनरएचटीएमएल'मुळे पान उघडल्यानंतरही त्यात हवा तो मजकूर ओतता येऊ लागला. माझी दुसरी ओळ तांत्रिकदृष्ट्या त्या दिवशी जन्मली. आणि त्याच आवृत्तीत 'बबलिंग' होतं. क्लिक बटणावर झाली तरी ती तिथे थांबत नाही. बटणावरून तक्त्याच्या खणात, खणातून ओळीत, ओळीतून तक्त्यात, तक्त्यातून अख्ख्या पानापर्यंत चढत जाते. वाटेत कुणीही तिला विचारू शकतं, बाई, तू मुळात कुठून निघालीस?

हे मला समजलं ते आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यामुळे. वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती आणि पोस्टमन एकाही बिऱ्हाडाचं दार वाजवत नसे. सगळी पत्रं तो दिंडी दरवाज्यापाशी आमच्या आजीकडे द्यायचा. आजी नाव वाचून हाक मारायची. नवीन भाडेकरू आला तर पोस्टात काही कळवावं लागत नसे. त्याचं पहिलं पत्र आलं तरी आजी तिथे बसलेलीच असायची. बटणांवर हँडलर न लावता तक्त्यावर एकच लावायचा आणि आलेल्या क्लिकचं मूळ वाचून काम वाटून द्यायचं, याला आमच्याकडे 'इव्हेंट डेलिगेशन' म्हणतात. मी आजही नव्या मुलांना ते शिकवताना आजीपासून सुरुवात करते.

त्याच वर्षी नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीने नेमकी उलटी दिशा धरली. तिथे घटना वरून, खिडकीपासून खाली बटणाकडे उतरायची. तिला 'कॅप्चरिंग' म्हणत. दोन कंपन्या, दोन दिशा, आणि मध्ये प्रत्येक पान दोनदा लिहिणारे आमच्यासारखे लोक. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १३ नोव्हेंबर २००० रोजी डॉमच्या, म्हणजे पानावरच्या घटकांच्या रचनेच्या, दुसऱ्या पातळीचं इव्हेंटचं मानक जाहीर केलं तेव्हा दोघांचंही ठेवलं: घटना आधी वरून खाली उतरेल, मग लक्ष्यावर पोचेल, मग पुन्हा वर चढेल. 'अॅडइव्हेंटलिसनर' हे आजचं रोजचं नाव याच मानकातलं. पण एक्सप्लोरर आपल्या 'अटॅचइव्हेंट'वरच राहिला आणि हे मानक त्यात आलं ते २०११ साली, नवव्या आवृत्तीत.

मधली काही वर्षं शांततेत गेली, कारण वेबचं बहुतेक काम सर्व्हर करत होता. काहीही दाबलं की नवं पान यायचं, नव्या पानावर नवे हँडलर. २००४ च्या १ एप्रिलला जीमेल आलं, २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेटने आपल्या लेखात या पद्धतीला 'अजॅक्स' हे नाव दिलं. आता पान तेच राहायचं आणि आतला मजकूर बदलत राहायचा. शेकडो ओळी येत, जात. एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत तर आणखी एक दुखणं होतं. पानावरचे घटक आणि स्क्रिप्टमधल्या वस्तू यांचा हिशेब दोन वेगळ्या यंत्रणा ठेवत. बटणाने हँडलर धरला आणि हँडलरने बटण धरलं की दोघांपैकी कुणालाच सोडवता येत नसे. पान सोडून गेलं तरी मेमरी अडकून राही. जितके हँडलर कमी तितकी ही गळती कमी, म्हणून तरी लोक बबलिंगकडे वळू लागले.

या काळातला माझा आवडता माणूस अॅमस्टरडॅमचा पीटर-पॉल कोख. कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालतं, काय चालत नाही, हे तो स्वतः एकेक चाचणी घेऊन तक्त्यांत मांडायचा. २००५ मध्ये त्याने इव्हेंट जोडण्याचं फंक्शन नव्याने लिहिण्याची स्पर्धा ठेवली. ती जिंकली जॉन रेसिगने. त्याच रेसिगने २००६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये जेक्वेरी लोकांसमोर ठेवली. कोखनेच २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. 'फोकस' आणि 'ब्लर' या घटना बबल होत नाहीत, वर चढतच नाहीत. पण कॅप्चरिंगने वरून खाली जाताना मात्र त्यांना पकडता येतं. म्हणजे सगळ्यांनी अडगळीत टाकलेली नेटस्केपची दिशा इथे कामाला आली. वाचून मला फार आनंद झाला होता.

१४ जानेवारी २००९ रोजी जेक्वेरीची १.३ आवृत्ती आली, तिच्यात 'लाइव्ह' होतं. मी त्याच आठवड्यात 'क्लिक'च्या जागी 'लाइव्ह' लिहिलं, पुन्हा पुन्हा बाइंड करणाऱ्या ओळी खोडल्या आणि सचिवांना फोन केला. आज असलेली बटणं आणि उद्या येणारी बटणं, दोन्ही एका वाक्यात. आत जादू काही नव्हती: हँडलर डॉक्युमेंटवर, म्हणजे पानाच्या सगळ्यात वरच्या टोकाला बसायचा आणि चढून आलेल्या क्लिकचं मूळ तपासायचा. याच आवृत्तीत 'क्लोजेस्ट'ही आलं, आणि मला ते लाइव्हइतकंच मोलाचं वाटतं. कारण बटणात चित्र असेल तर क्लिक चित्रावर होते, बटणावर नाही. मग चित्रापासून वर चढत जवळचं बटण शोधावं लागतं. आजीकडे एखाद्या शाळकरी पोराच्या नावाचं पत्र आलं की ती आधी विचारायची, हा कुणाचा? मग त्या बिऱ्हाडाला हाक.

लाइव्हचे दोष मात्र लवकर दिसले. प्रत्येक क्लिकला अगदी टोकापर्यंत चढावं लागे. वाटेत कुणी 'स्टॉपप्रोपगेशन' म्हणून तिला अडवलं तर ती पोचतच नसे, आणि लाइव्हमध्ये तिला अडवायचं म्हटलं तर फार उशीर झालेला असे, ती आधीच वर आलेली. आयफोनच्या सफारीत साध्या खणावरची क्लिक डॉक्युमेंटपर्यंत जातच नसे. स्टाइलमध्ये कर्सर 'पॉइंटर' केला की जाई. शिवाय आधी सगळी बटणं शोधून काढायची आणि ती न वापरताच सोडून द्यायची, हा फुकटचा खर्च. म्हणून २०१० मध्ये १.४.२ आवृत्तीत 'डेलिगेट' आलं: टोकाला कशाला, जवळच्या थोरल्यापाशी बसा. नोव्हेंबर २०११ मध्ये १.७ ने या सगळ्यांना एका 'ऑन'मध्ये आणलं, आणि जानेवारी २०१३ च्या १.९ मध्ये लाइव्ह काढून टाकलं. चार वर्षांचं आयुष्य. तरी मी त्याच्याबद्दल कृतज्ञ आहे. जे १९९७ पासून समोर पडलं होतं ते हजारो सामान्य प्रोग्रॅमरांच्या हातात पहिल्यांदा लाइव्हनेच दिलं.

आता मुलं रिअॅक्ट शिकून येतात. त्यात ऑनक्लिक पुन्हा बटणाच्या आतच लिहितात, १९९५ सारखं. पण २०१३ मध्ये खुलं झालेलं रिअॅक्ट बटणावर काही लावत नव्हतं. एकच कान डॉक्युमेंटवर ठेवत होतं. २०२० च्या ऑक्टोबरात सतराव्या आवृत्तीने तो कान डॉक्युमेंटवरून काढून अॅपच्या मुळाशी आणला, कारण एकाच पानावर रिअॅक्टच्या दोन आवृत्त्या असल्या की त्या एकमेकींच्या वाटेत येत. जेक्वेरीने लाइव्हपासून डेलिगेटपर्यंत जी वाट चालली तीच ही वाट. लिहिणं १९९५ चं आणि चालणं १९९७ चं, हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते, कारण क्लिक हरवली की शोधायची कुठे ते त्याशिवाय कळत नाही.

२०१३ मध्ये नव्या सहकाऱ्याने जेक्वेरी बदलली आणि दूध संस्थेचं पान एका सकाळी बंद पडलं. लाइव्ह गेलेलं. मी तक्त्याच्या 'टीबॉडी'वर एक 'ऑन' लावला आणि अर्ध्या तासात पावत्या सुरू झाल्या. पुढे जेक्वेरीही काढली, आता तिथे साधा अॅडइव्हेंटलिसनर आणि ब्राउझरचं स्वतःचं क्लोजेस्ट आहे. जुने सचिव निवृत्त झाले, त्यांच्या जागी त्यांचीच पुतणी बसते. मागच्या महिन्यात तिने विचारलं, "ताई, म्हशीच्या दुधासाठी प्रत्येक ओळीत अजून एक बटण घालता येईल का?" मी बटण घातलं. हँडलर नवा लावावा लागला नाही. तक्त्यावर बसलेल्यालाच एक नाव जास्त सांगितलं.