'टक्कल व्हायरस' : एका संज्ञेची चिकित्सा

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात व आसपास एक विलक्षण आजार उद्भवला. बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी १८ गावांतील २७९ व्यक्तींच्या डोक्यास प्रथम कंड सुटली आणि तीन-चार दिवसांत केस मुठीत येऊ लागले. निदान होण्यापूर्वीच वृत्तमाध्यमांनी त्यास 'टक्कल व्हायरस' असे नाव देऊन टाकले. या संज्ञेतील दोन्ही पदे चुकीची होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम 'टक्कल' हे पद घेऊ. या विषयाचे मराठी शब्द विपुल असले तरी ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. केसगळती ही क्रिया होय. चाई म्हणजे एखाद्या जागी पडलेला चट्टा. टक्कल ही स्थिरावलेली अवस्था. ('टकल्या' हा शब्द मात्र केवळ माणसास चिडविण्याच्या कामी येतो.) हा विवेक जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात इंद्रलुप्ताचे वर्णन दोन पायऱ्यांनी येते : वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडते आणि मग रक्तयुक्त कफ ते कूप रोधतो, म्हणून दुसरे केस उगवत नाहीत. दोषांची परिभाषा बाजूस ठेवली, तरी गळणे आणि पुन्हा न उगवणे या दोन भिन्न घटना होत, हे निरीक्षण आजच्या केशविज्ञानासही मान्य व्हावे. डोक्यावरील शंभरांपैकी सुमारे ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात; उरलेले बहुतेक विश्रांतीत असून सुमारे तीन महिन्यांनी गळतात. तीव्र ताप वा बाळंतपण यांनंतरची केसगळती दोन-तीन महिन्यांनी दिसते, ती यामुळेच. शेगावकडे हिशेब दिवसांचा होता. वाढता केसच बाधित झाल्याखेरीज एवढी त्वरा सहसा संभवत नाही. आणि अशा वेळी विषारी द्रव्याचा संशय घ्यावा लागतो. मूळ शाबूत असले म्हणजे केस परत येतात. येथे अनेकांचे ते आलेही.

आता 'व्हायरस'. आरंभी संशय पाण्यावर गेला. नमुन्यांत नायट्रेट व क्षार अधिक आढळले. बुरशीच्या संसर्गाचाही तर्क झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वेगळेच मत मांडले. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे हे वैद्य विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम आहेत. रुग्णांच्या रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट अधिक सेलेनियम आढळल्याचे त्यांनी सांगितले व त्याचे मूळ स्वस्त धान्य दुकानातील गव्हात दाखविले. सेलेनियम हे गंधकाच्या कुळातले मूलद्रव्य असून केसांतील केरॅटिनमध्ये गंधकाची जागा घेते. परिणामी त्याचे बंध दुबळे होतात. अमेरिकेतील डाकोटा प्रदेशात १९३० च्या दशकात गुरांचे केस व खूर गळण्याचा उलगडा याच द्रव्याने झाला. चीनमधील हुबेई प्रांतात १९६० च्या दशकात माणसांनाही तेच भोगावे लागले. तोच गहू अन्यत्र गेला असेल तर तेथे केस का गळले नाहीत, हा आक्षेप रास्त आहे व त्याचे उत्तर धान्याच्या खेपांची तपासणी करूनच मिळेल. तथापि कारण जर अन्नात असेल, तर डोक्यास चोळावयाच्या तेलाने अथवा बुरशीनाशक मलमाने काय साधणार?

नावाची किंमत मात्र गावकऱ्यांनी मोजली. विषाणू म्हटला की तो संसर्गजन्य, अशी लोकांची समजूत. मग मुले शाळेस जाण्यास कचरली, ठरलेली लग्ने मोडल्याच्याही वार्ता आल्या. दोष गव्हाचा ठरला, तर प्रश्न शेगावपुरता राहत नाही. येथे किनवटलाही भाकरीच्या ताटात शिधापत्रिकेवरचा गहू आला आहे, आणि तो कोणत्या मातीतला हे ग्राहकास ठाऊक नसते.

एप्रिल २०२५ मध्ये याच भागात काहींची नखे गळू लागल्याचे वृत्त आले. केस आणि नख दोन्ही केरॅटिनचीच. हुबेईतील रुग्णांचीही नखे अशीच गळाली होती.