वाचा आणि भाषा : मनुष्याच्या वेगळेपणाचा एक इतिहास

मनुष्य आणि इतर प्राणी यांच्यातील भेद सांगताना ‘मनुष्याला वाचा आहे’ असे सर्रास म्हटले जाते. हे विधान वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु त्याच्याच आधाराने, ज्यांना बोलता येत नाही त्यांना मनुष्यत्वाच्या पायरीवरून खाली लोटण्याचे काम इतिहासात झाले आहे. म्हणून भाषेचे वेगळेपण नेमके कशात आहे, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्राण्यांत संदेशवहन नाही, असे मुळीच नाही. मधमाशी फुलोऱ्याची दिशा व अंतर नृत्याद्वारे इतर माश्यांना कळविते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडून दाखविले. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. केनियातील व्हर्व्हेट माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी निरनिराळ्या हाका देतात, हे १९८० साली सिद्ध झाले. बोनोबो वानर हाका जोडून अर्थ घडवितात, असेही २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तथापि ‘आज साप आला नाही’ किंवा ‘उद्या आला तर काय करावे?’ असे कोणत्याही माकडाला सांगता वा विचारता आल्याचे दिसत नाही. समोर नसलेल्या गोष्टींविषयी बोलणे आणि मोजक्या घटकांतून अगणित नवी विधाने रचणे, ही लक्षणे चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेच्या वैशिष्ट्यांत गणली. यांपैकी कोणतेही लक्षण कंठावर अवलंबून नाही.

परंतु जगाने कंठालाच भाषा मानले. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणासंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शिक्षणात हातांच्या खुणांपेक्षा मुखाने बोलणेच श्रेष्ठ, असा ठराव तिने केला. मत देणारे जवळजवळ सर्वच ऐकू येणारे होते. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय होत होता, त्यांना तेथे स्थान नव्हतेच म्हटले तरी चालेल. पुढे अनेक देशांतील शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली.

या समजुतीला उत्तर देणाऱ्या दोन घटना विसाव्या शतकात घडल्या. न्यूयॉर्क येथे हर्बर्ट टेरेस यांनी १९७३ साली जन्मलेल्या निम नावाच्या चिंपांझीला हातांच्या खुणा शिकविण्याचा प्रयोग केला. निम शंभराहून अधिक खुणा शिकला. परंतु त्याच्या खुणांच्या माळेत बहुधा खाऊची मागणी आणि पुनरुक्तीच होती. पुष्कळ वेळा तो शिक्षकाच्या खुणांचेच अनुकरण करीत होता. त्याला वाक्यरचना साधली नाही, असा निष्कर्ष टेरेस यांनी १९७९ साली प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात, मानाग्वा शहरी, कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आली. १९७९ च्या क्रांतीनंतर त्यांची संख्या आणखी वाढली. वर्गात त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकविली जाई आणि त्यात फारसे यश येत नसे. मात्र मैदानात व बसमध्ये ही मुले घरून आणलेल्या खुणा एकमेकांत मिसळू लागली. त्यांच्या मागून आलेल्या लहान मुलांनी त्या खुणांना व्याकरण दिले. ‘गडगडत खाली गेला’ हे सांगताना आधीची मुले बहुधा एकच सलग हालचाल करीत. नंतरची मुले ‘गडगडणे’ आणि ‘खाली जाणे’ यांच्या दोन स्वतंत्र खुणा करून त्या क्रमाने जोडीत. हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कोणी न शिकविता मुलांनी भाषा निर्माण केली होती.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे भेद स्पष्ट होतो. शिकवूनही चिंपांझीला जे साधले नाही, ते ज्यांना बोलताही येत नव्हते त्या मुलांनी केवळ परस्परांच्या सहवासात साधले. भाषा जिभेत नाही. ती मनुष्यमात्राच्या बुद्धीत आणि सहजीवनात आहे. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांच्या दुष्परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. परंतु तोवर १३० वर्षे लोटली होती. ‘मुका’ हा शब्द उच्चारताना आपण या इतिहासाचे स्मरण ठेवावे. ज्याला आपण मुका म्हणतो तो कित्येकदा बोलतच असतो. त्याची भाषा शिकण्याचे कष्ट मात्र आपण घेतलेले नसतात.