बोगद्याचा श्वास

आगगाडी खंडाळ्याच्या घाटातल्या बोगद्यात शिरली की डब्यातली मुले ओरडतात, आणि वडीलमाणसे खिडक्या लावा म्हणून हाका मारतात, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. कोळशाचा धूर नाकातोंडात जाऊ नये एवढाच त्या जुन्या हाकांचा अर्थ होता. परंतु आगगाडी बोगद्यात शिरते आणि निघून जाते. मोटारींचे तसे नाही. मोटारींची रांग अखंड असते, आणि ती अडली तर बोगद्यातच उभी राहते. शिवाय मोटारीच्या धुरात जो खरा वैरी असतो, तो कार्बन मोनॉक्साइड, त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातला प्राणवायूचा वाहक तो स्वतःकडे ओढून घेतो आणि माणूस झोपेत गेल्यासारखा बेशुद्ध पडतो.

हा धोका केवळ पुस्तकी नव्हे, हे अमेरिकेत पिट्सबर्ग शहराला 1924 साली कळले. तिथला लिबर्टी बोगदा त्याच वर्षी वाहनांसाठी उघडला होता, पण त्यात हवा खेळविण्याची यंत्रे बसविलेली नव्हती. मे महिन्यात ट्रामवाल्यांचा संप झाला, सारे गाव मोटारी घेऊन बाहेर पडले, बोगद्यात गाड्या तुंबल्या आणि माणसे घेरी येऊन पडू लागली. पंखे तिथे पुढे काही वर्षांनी बसले. आधी बोगदा आणि मग पंखे, हा क्रम किती उलटा आहे हे सांगायला नकोच!

नेमक्या त्याच सुमारास न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांच्यामध्ये हडसन नदीच्या तळाखालून एक बोगदा चालला होता. त्याचा मुख्य इंजिनियर क्लिफर्ड हॉलंड. नदीखाली नळ खोदण्याची विद्या तोवर लोकांना ठाऊक झाली होती. न सुटलेले कोडे एकच होते, आणि ते म्हणजे हवा. बोगद्याची लांबी दीड मैलाहून अधिक. एका तोंडाने हवा फुंकून दुसऱ्या तोंडाने बाहेर काढायची म्हटले, तर आत वादळ सुटेल. आणि एखादी गाडी पेटली तर हेच वादळ भात्याचे काम करील.

ह्या मंडळींची काम करण्याची रीत मला फार आवडते. अंदाजाने पंखे बसविण्याऐवजी त्यांनी आधी विचारले, माणसाला किती विष सोसते? येल विद्यापीठात यँडेल हेंडरसन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी बंद खोलीत माणसे बसवून हे मोजले. सरकारी खाण-खात्याने पेनसिल्व्हानियातल्या प्रयोगाच्या खाणीत खरोखरीच्या मोटारी चालविल्या आणि धूर किती निघतो ते पाहिले. दहा हजार भाग हवेत चार भाग, ही मर्यादा त्यातून ठरली. आजच्या मर्यादा त्याहून पुष्कळ कडक आहेत. पण मर्यादा मोजून ठरवावी लागते, हा धडा तिथला.

मग जी रचना झाली ती मुळात अगदी साधी होती. नळ गोल, आणि रस्ता मात्र सपाट. म्हणजे रस्त्याच्या खाली आणि छताच्या वर दोन पोकळ्या आपोआप उरतात. खालच्या पोकळीतून ताजी हवा आणायची आणि रस्त्याच्या कडेच्या फटींतून हळूहळू आत सोडायची. वरच्या पोकळीतून दूषित हवा ओढून घ्यायची. हवा आडवी धावत नाही, नुसती खालून वर चढते. प्रवाशाला वाऱ्याची झुळूकही जाणवत नाही. ह्यासाठी चार वायुवीजनगृहे उभी राहिली आणि त्यांत 84 पंखे बसले, निम्मे फुंकणारे आणि निम्मे ओढणारे. दर दीड मिनिटाला बोगद्यातली सगळी हवा नवी होऊ शकते. एक पंखा बिघडला तर दुसरा तयार, एका काठची वीज गेली तर दुसऱ्या काठची हजर.

हॉलंड मात्र हे पाहायला उरला नाही. कामाने खंगलेला तो एकेचाळीस वर्षांचा माणूस 27 ऑक्टोबर 1924 रोजी वारला, आणि अवघ्या दोन दिवसांनी दोन्ही बाजूंची खोदाई नदीखाली एकमेकांना भेटली. ठरलेला समारंभ रद्द झाला. त्याच्या जागी आलेले मिल्टन फ्रीमनही काही महिन्यांतच गेले. काम तडीस नेले ते ओले सिंगस्टाड ह्या नॉर्वेत जन्मलेल्या इंजिनियराने; हवेच्या रचनेचे श्रेयही मुख्यत्वे त्याचेच. 13 नोव्हेंबर 1927 रोजी बोगदा वाहनांना खुला झाला आणि पहिल्याच दिवशी पन्नास हजारांवर गाड्या त्यातून गेल्या. बोगद्याला नाव हॉलंडचे मिळाले.

खरी परीक्षा 13 मे 1949 ला झाली. कार्बन डायसल्फाइडची पिंपे घेऊन चाललेली मालमोटार आत पेटली. मागच्या मालमोटारी पेटल्या, छत कोसळले, साठावर माणसे धुराने आणि आगीने जखमी झाली. पण प्रवाशांपैकी कोणी मेले नाही.

ह्याच्या शेजारी माँ ब्लाँचा बोगदा ठेवून पाहावा. फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा, आल्प्सच्या पोटातला, 11.6 किलोमीटर लांबीचा हा बोगदा 1965 साली खुला झाला. त्याची एक बाजू एका देशाच्या कंपनीकडे आणि दुसरी दुसऱ्या देशाच्या, नियंत्रणकक्षही दोन. 24 मार्च 1999 रोजी पीठ आणि मार्गारीन नेणारी मालमोटार आत पेटली. इटलीच्या बाजूने धूर ओढण्याऐवजी ताजी हवा आत सोडली गेली आणि धूर फ्रान्सच्या बाजूला लोटला गेला. आग 53 तास जळत राहिली. 39 माणसे गेली. पंखे होते, वीज होती, माणसेही होती; कळ कोणी, केव्हा आणि कोणत्या दिशेने फिरवायची, ह्याबद्दल दोन कक्षांचे एकमत नव्हते. 2002 साली बोगदा पुन्हा उघडला तेव्हा नियंत्रण एका ठिकाणाहून होऊ लागले, आणि दर तीनशे मीटरवर निवाऱ्याच्या खोल्या आल्या.

आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाताना भाताणच्या बोगद्यात जरा वर पाहावे. दिव्यांकडेही पाहावे. भर दुपारी तोंडाजवळचे दिवे आतल्यापेक्षा प्रखर असतात, कारण उन्हातून आलेल्या डोळ्याला अंधाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि त्या वेळात गाडी पुष्कळ पुढे गेलेली असते. रात्री हेच दिवे मंद केले तरी चालतात. वाटसरूला हे उफराटे वाटते.

आणि एक गंमत. इटलीत, आपेनाइन पर्वतातल्या प्राक्किया इथल्या रेल्वे-बोगद्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धुराने हैराण झालेल्या कामगारांसाठी मार्को साकार्डो ह्या इंजिनियराने एक युक्ती काढली. बोगद्याच्या तोंडाशी मोठा पंखा ठेवायचा आणि अरुंद फटीतून जोराने, तिरकी हवा आत सोडायची. तिच्या ओढीने बाकीची हवाही पुढे सरकते. आत काही टांगावे लागत नाही, म्हणून दुरुस्तीसाठी वाहतूकही थांबवावी लागत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी मलबार टेकडीखालून ‘मावळा’ नावाच्या यंत्राने जे दोन किलोमीटरांचे जोडबोगदे खोदले, आणि ज्यांतला पहिला मार्च 2024 मध्ये खुला झाला, त्यांत हीच साकार्डो पद्धत वापरली आहे.