बारामती व इंदापूर तालुक्यांतील फळांची निर्यात

बारामती व इंदापूर हे महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन शेजारी तालुके आहेत. सहकारी साखर कारखानदारीबरोबरच द्राक्ष, डाळिंब व केळी या फळांच्या उत्पादनासाठी हा परिसर ओळखला जातो. येथील फळे आखाती देश, युरोप व अन्य बाजारपेठांत पाठविली जातात. मूलतः अवर्षणप्रवण असलेल्या या भागात निर्यातक्षम फळशेती कशी उभी राहिली आणि जागतिक बाजारात तिचे भवितव्य कशावर अवलंबून आहे, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

भूगोल व जलव्यवस्था

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस कमी व अनिश्चित असतो. दोन्ही तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून नीरा नदी वाहते. कऱ्हा नदी बारामती शहरातून वाहत जाऊन सोनगावजवळ नीरेला मिळते. भीमा नदी इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व सीमेवर असून नीरा नरसिंहपूर येथे नीरा व भीमा यांचा संगम होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरा डावा कालवा काढण्यात आला आणि भाटघर धरणाच्या पाण्यावर कालव्यालगतचा पट्टा बागायती झाला. पुढे सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमेवर उजनी धरण बांधण्यात आले व ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचे पाणी इंदापूर तालुक्याच्या मोठ्या भागात पसरले. त्यात अनेक गावे व काळी जमीन बुडाली, मात्र काठावरच्या माळरानाला उपसा सिंचनाची सोय झाली. जलाशयाची पातळी फार खालावली की पळसदेव येथील पाण्याखाली गेलेले प्राचीन मंदिर उघडे पडते.

कालवा व जलाशय यांच्यापासून दूर असलेली गावे आजही जिरायती आहेत. त्यामुळे एकाच तालुक्यात उसाचे हिरवे मळे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या अशी दोन्ही दृश्ये आढळतात.

इतिहास

कालव्याच्या पाण्यावर प्रथम ऊस वाढला. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात उभारलेल्या वालचंदनगर येथे १९३० च्या दशकात साखर कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने उभे राहिले. उसाला हमखास गिऱ्हाईक व ठरलेला दर मिळत असल्याने पाणी असलेल्या शेतकऱ्याचा कल त्याकडेच राहिला.

फळबागांचा विस्तार मुख्यतः १९९० नंतर झाला. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली. हलक्या, मुरमाड जमिनीवर अनुदानातून फळझाडे लावणे त्यामुळे लहान शेतकऱ्यालाही शक्य झाले. याच सुमारास ठिबक सिंचनाचा प्रसार झाला व पुढे शेततळी आली. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाची त्यात भर पडली.

संशोधन व विस्तारकार्यात बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा व त्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा मोठा वाटा आहे. आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने हा ट्रस्ट उभा राहिला. दुष्काळ, उष्णता व क्षारता यांसारख्या ताणांचा पिकांवर होणारा परिणाम अभ्यासणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ मध्ये बारामती तालुक्यात माळेगाव येथे स्थापन झाली.

प्रमुख पिके

द्राक्ष : इंदापूर तालुक्यातील बोरी व परिसर द्राक्षबागांसाठी, विशेषतः काळ्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करतात. माल साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात निघतो. चिली, पेरू व दक्षिण आफ्रिका या देशांचा हंगाम संपत असताना भारतीय द्राक्षांना युरोपात थोड्या आठवड्यांची संधी मिळते. ती साधण्यासाठी छाटणीची तारीखच काढणीचा हिशेब करून ठरवावी लागते.

डाळिंब : हे पीक कमी पाण्यात व हलक्या जमिनीत येते. पूर्वी पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात विकसित झालेला ‘गणेश’ हा वाण सर्वत्र होता. आज निर्यातीसाठी लाल साल व लाल दाणे असलेला ‘भगवा’ वाण लावतात. मृग, हस्त व आंबे असे तीन बहार असून झाडाला पाण्याचा ताण देऊन, पानगळ घडवून हवा तो बहार धरता येतो.

केळी : उजनी जलाशयाच्या काठावर ऊतिसंवर्धित रोपांपासून ‘ग्रँड नैन’ या वाणाची लागवड होते. केळी मुख्यतः आखाती व पश्चिम आशियाई देशांत जातात. ९ नोव्हेंबर २०२३ रोजी बारामती येथून केळींचा एक शीतकंटेनर प्रायोगिक तत्त्वावर समुद्रमार्गे नेदरलँड्सकडे रवाना करण्यात आला आणि डिसेंबरच्या प्रारंभी तो रॉटरडॅमला पोहोचला. अपेडा ही केंद्र शासनाची संस्था व लखनौची केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्था यांचा या प्रयोगात सहभाग होता. भारत केळी उत्पादनात जगात पहिला असला तरी जागतिक केळी व्यापारात त्याचा वाटा अत्यल्प आहे, म्हणून या प्रयोगाला महत्त्व आले.

निर्यातीची कार्यपद्धती

निर्यातीसाठी बागेची कृषी विभागाकडे नोंदणी करावी लागते. अपेडाने द्राक्षांसाठी ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदव्यवस्था २००६ च्या सुमारास सुरू केली. पेटीवरील क्रमांकावरून माल कोणत्या बागेतील आहे हे युरोपातील ग्राहकापर्यंत शोधता येते. डाळिंबासाठी ‘अनारनेट’ ही तशीच व्यवस्था आहे. युरोपातील अनेक मोठे खरेदीदार याशिवाय ग्लोबलगॅप प्रमाणपत्र मागतात.

काढणीनंतर प्रतवारी, पूर्वशीतकरण, पॅकिंग व शीतसाठवण ही कामे पॅकहाऊसमध्ये होतात. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने बारामतीजवळ जळोची येथे फळे व भाजीपाला हाताळणीची सुविधा उभारली आहे. द्राक्षे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास, तर केळी सुमारे १३ ते १४ अंश तापमानात ठेवतात. तापमान याहून खाली गेल्यास केळीची साल काळवंडते. केळी हिरवी असतानाच काढून पाठवितात व पोहोचल्यावर इथिलीन वायूने पिकवितात. शीतकंटेनर न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून रवाना होतात.

समस्या

रासायनिक अंश : फळात राहू शकणाऱ्या कीडनाशकाच्या अंशाला युरोपीय संघाने कमाल मर्यादा घातल्या आहेत. ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा नसते, तेथे एक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. हे प्रमाण शंभर टन फळांत एक ग्रॅम इतके सूक्ष्म आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्याने महाराष्ट्रातील द्राक्षांचे अनेक कंटेनर युरोपात नाकारले गेले. तोपर्यंत भारतातील तपासणीच्या यादीत या रसायनाचा समावेश नव्हता. त्यानंतर तो करण्यात आला, पण त्या हंगामाचे नुकसान बागायतदार व निर्यातदारांना सोसावे लागले.

रोग व हवामान : डाळिंबावरील ‘तेल्या’ या जिवाणूजन्य रोगाने आणि मर रोगाने अनेक बागा काढून टाकाव्या लागल्या आहेत. रोग वाढला की फवारण्या वाढतात आणि फवारण्या वाढल्या की अंशमर्यादा ओलांडण्याचा धोका वाढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधील अवकाळी पावसाने राज्यातील द्राक्ष व डाळिंब बागांची मोठी हानी केली.

वाहतूक व धोरण : डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. नाशवंत मालासाठी प्रवासाचे वाढलेले दिवस व भाडे दोन्ही जाचक ठरले. शासकीय धोरणातील अनिश्चितता हाही एक प्रश्न आहे. जून २०२२ पासून साखर निर्यातीवर निर्बंध आले, तर डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याची निर्यात बंद होती. द्राक्ष, डाळिंब व केळी यांवर या काळात तशी बंदी नव्हती. तथापि बाजार अचानक बंद होऊ शकतो ही धास्ती नवी गुंतवणूक करणाऱ्या शेतकऱ्याला राहते.

लहान शेतकऱ्याची स्थिती : प्रमाणपत्र, प्रयोगशाळेतील तपासणी, मजुरी व पॅकिंग यांचा खर्च माल विकण्यापूर्वी करावा लागतो. परदेशात माल नाकारला गेला तर तोटा कोणी सोसायचा, हे करारावर ठरते. एकेकट्या शेतकऱ्याला अनुकूल करार मिळणे अवघड असते. यावर उपाय म्हणून १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी ‘महाग्रेप्स’ची स्थापना केली. अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या ही भूमिका बजावीत आहेत.

भवितव्य

नव्या बाजारपेठा हळूहळू खुल्या होत आहेत. भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्यातील व्यापार करार मे २०२२ पासून लागू आहे. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला. मार्च २०२५ मध्ये भारतीय ‘भगवा’ डाळिंब समुद्रमार्गे अमेरिकेत पोहोचले. हा माल वाशी येथील पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया करून पाठविण्यात आला होता. विमानापेक्षा समुद्रमार्ग पुष्कळ स्वस्त असल्याने, फळे दीर्घकाळ टिकविण्याच्या तंत्रावर पुढील वाढ अवलंबून राहील.

परदेशातील मागणी हा या विषयाचा एक भाग झाला. या दोन तालुक्यांपुरता विचार केल्यास पाण्याची वाटणी हा अधिक कळीचा प्रश्न ठरतो. ऊस वर्षभर शेतात उभा असतो आणि त्याला भरपूर पाणी लागते. त्या पाण्यात ठिबकावर कितीतरी अधिक क्षेत्राची डाळिंबबाग जगू शकते. उलट उसाला कारखान्याचे हमखास गिऱ्हाईक असते, तर फळाचा कंटेनर नाकारला गेला तर वर्ष वाया जाते. सिंचनाची खात्री, पीकविमा, रोगमुक्त रोपे आणि तालुक्याच्या ठिकाणी अंशतपासणीची सोय यांमुळे हा धोका कमी होऊ शकतो. तो कमी झाल्यासच कालव्याच्या टोकावरील व जिरायती गावांतील शेतकरी निर्यातीच्या लाभात सहभागी होऊ शकतील.

हे सुद्धा पहा

उजनी धरण
नीरा नदी
डाळिंब
अपेडा
महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ