‘तुमचं पार्सल अडकलंय’ : असा मेल आला तर काय करायचं?

ईद जवळ आली की घरोघरी पार्सलची वाट पाहणं सुरू होतं. कुणी मुलांचे कपडे ऑनलाइन मागवलेले असतात, कुणाचा मुलगा दुबईहून किंवा मस्कतहून सामान पाठवणार असतो. अशा वेळी मेल येतो : ‘आपले पार्सल गोदामात आले आहे. पत्ता अपूर्ण आहे. ४८ तासांत अपडेट न केल्यास परत पाठवले जाईल.’ खाली लिंक असते. घरात खरंच पार्सल येणार असतं, त्यामुळे शंका येत नाही. फसवणारा याच गोष्टीवर डाव लावतो.

भारतीय डाक विभागाच्या नावाने असे मेसेज फिरले, तेव्हा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ते बनावट असल्याचं जाहीर केलं होतं. पत्ता अपडेट करण्यासाठी डाक विभाग अशी लिंक पाठवत नाही.

पैसे कसे जातात?

लिंक उघडली की हुबेहूब पोस्टासारखं पान दिसतं. नाव, पत्ता, मोबाइल नंबर भरून झाला की शेवटी ‘पुन्हा पाठवण्याचा खर्च फक्त २५ रुपये’ असं मागणं येतं. पंचवीस रुपयांचं एवढं काय, म्हणून आपण कार्डचा नंबर, सीव्हीव्ही आणि ओटीपीही टाकतो. चोराला ते २५ रुपये नकोच असतात, त्याला तुमचं कार्ड हवं असतं. तुम्ही भरलेल्या माहितीवर तो पलीकडे मोठी खरेदी करत असतो आणि आलेला ओटीपी त्याच खरेदीचा असतो. म्हणून ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. त्यात बहुतेक वेळा रक्कम लिहिलेली असते.

ओळखायचं कसं?

१. पाठवणाऱ्याचं नाव नव्हे, मेलचा पत्ता बघा. नाव कुणीही काहीही ठेवू शकतं.

२. लिंकचा शेवट वाचा. डाक विभागाचं खरं संकेतस्थळ ‘इंडियापोस्ट डॉट जीओव्ही डॉट इन’ असं आहे. सुरुवातीला ‘इंडियापोस्ट’ असेल, पण पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी ‘डॉट टॉप’ किंवा भलतंच काही असेल, तर ती लिंक खोटी.

३. ट्रॅकिंग नंबर आहे का? स्पीड पोस्टचा नंबर १३ जागांचा असतो : आधी २ अक्षरं, मग ९ अंक, शेवटी ‘आयएन’. परदेशातून पोस्टाने आलेल्या पार्सलच्या नंबरात शेवटी त्या देशाची २ अक्षरं असतात. मात्र नुसता नंबर दिसला म्हणून मेल खरा मानू नका.

४. घाई, धमकी, थोडीशी फी किंवा एपीके फाइल यांपैकी एक जरी दिसलं, तरी थांबा.

खात्री करायचा मार्ग सोपा आहे. मेलमधली लिंक सोडून द्या. ज्या ॲपवरून सामान मागवलं ते ॲप स्वतः उघडा आणि ऑर्डर कुठे आहे ते बघा. परदेशातून येणार असेल, तर पाठवणाऱ्यालाच फोन करून नंबर मागा.

याच धंद्याची दुसरी रूपं

‘तुमचं गिफ्ट दिल्ली विमानतळावर कस्टम्सने अडवलंय, ड्युटी या खात्यात भरा’ असाही मेल येतो. कस्टम्सची ड्युटी कुणाच्या खासगी खात्यात भरायची नसते. तर कधी थेट फोन येतो : ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या.’ ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्या. कुरिअरवाला आहे असं सांगून कुणी स्टार-हॅश असलेला नंबर डायल करायला लावत असेल, तर तेही करू नका. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या मोबाइलवर वळू शकतात.

माहिती भरून झाली असेल तर?

पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. बँकेच्या ॲपवरून किंवा कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून कार्ड लगेच बंद करा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार नोंदवा. रक्कम चोराने पुढे काढून घेण्याआधी गोठवली गेली, तरच ती परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर पुढे होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. मेल पुसू नका, तो पुरावा आहे. एपीके टाकली गेली असेल, तर मोबाइलचं इंटरनेट बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेशी बोला.

शेवटची गोष्ट घरातल्यांसाठी. अम्मी-अब्बूंनी किंवा कॉलेजातल्या मुलीने चुकून लिंक दाबली, तर आधी रागावू नका. ओरडा बसेल या भीतीने माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. आज रात्री जेवताना घरात एवढंच सांगून ठेवा : असं काही झालं, तर लगेच मला सांगा, मी रागावणार नाही.