बिअर बॅरल पोल्का
बिअर बॅरल पोल्का : मूळ चेक लोकप्रिय गीत व नृत्यधून. चेक नाव ‘श्कोदा लास्की’ (अर्थ : वाया गेलेले प्रेम), जर्मन नाव ‘रोझामुंडे’. अकॉर्डियनवादकांच्या संग्रहात या धुनेला मानाचे स्थान आहे.

उगम : संगीतकार यारोमीर वेइवोदा (१९०२–८८) हा प्रागजवळच्या झ्ब्रास्लावचा. वडिलांच्या वाद्यवृंदात तो व्हायोलिन आणि फ्लूगलहॉर्न शिकला. सासऱ्याच्या मद्यगृहात काम करता करता त्याने रचना करायला सुरुवात केली. १९२७ साली त्याने ही धून बांधली, तेव्हा तिला शब्द नव्हते. जवळच्या मोद्र्झानी गावावरून ती ‘मोद्र्झान्स्का पोल्का’ म्हणून ओळखली जाई. १९३४ मध्ये वाशेक झेमान याने चेक शब्द लिहिले आणि नाचाची धून विफल प्रेमाचे गाणे झाली.

प्रसार : जर्मन शब्दांत तीच ‘रोझामुंडे’ या मुलीला घातलेली साद ठरली. जर्मन अकॉर्डियनवादक व्हिल ग्लाहे याच्या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका १९३९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. लू ब्राउन व व्लादिमिर टिम यांनी लिहिलेल्या इंग्रजी शब्दांत प्रेमभंग उरला नाही; बिअरचे पिंप आणि आनंदाचा मेळा आला. अँड्र्यूज सिस्टर्सनी हे गीत त्याच वर्षी ध्वनिमुद्रित केले.

महायुद्धाचा काळ : दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी हे गाणे आपापल्या भाषेत गायले. मात्र त्याच्या वाट्याला केवळ आनंद आला नाही. आउशविट्झ छळछावणीत कैद्यांचा वाद्यवृंद ‘रोझामुंडे’ वाजवत असे, अशी नोंद इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांनी आपल्या आठवणींत केली आहे. या गीताचा इतिहास सांगताना ही नोंद वगळणे अन्यायाचे होईल.

वादन : पोल्काचा ताल दोन मात्रांचा. अकॉर्डियनवर डावा हात आधी खर्जाचा एक स्वर आणि लगेच स्वरसंघाचे बटण दाबतो. ताल आणि साथ दोन्ही एकाच हातातून मिळतात. उजवा हात धून वाजवायला मोकळा राहतो. ध्रुपदाशी येताच आधीचा मध्यम हा नवा षड्ज होतो. डावीकडची बटणे षड्ज-पंचम नात्याने ओळीने मांडलेली असल्यामुळे हात एकच ओळ सरकवला की नवा षड्ज बोटाखाली येतो. इतक्या थोड्या हालचालीत धून अचानक खुलते. एकटा वादक नाचणाऱ्यांना पुरेसा होतो, तो यामुळेच.

नंतरचा काळ : अमेरिकेत मध्य युरोपीय वंशाच्या वस्त्यांमध्ये पोल्का रुजली, विस्कॉन्सिनने १९९३ मध्ये तिला राज्यनृत्याचा दर्जा दिला. बॉबी व्हिंटनने १९७५ मध्ये हे गीत पुन्हा लोकप्रिय केले. चेक विरह, जर्मन साद आणि इंग्रजी जल्लोष हे तिन्ही या धुनेने पेलले. अकॉर्डियनवादक आजही ती बहुधा शब्दांवाचून वाजवतात, १९२७ साली होती तशी.