लंडन रुग्णवाहिका सेवेचे संगणकीकरण (१९९०-१९९६) : कर्मचारी सहभागाच्या संदर्भात

प्रस्तावना :

नवी संगणकप्रणाली कोणाला विचारून आणावी, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्रात सहसा सैद्धान्तिक पातळीवर मांडला जातो. लंडन रुग्णवाहिका सेवेच्या इतिहासात मात्र तो थेट जीवनमरणाशी निगडित झाला. एकाच संस्थेने एकाच कामासाठी १९९२ व १९९६ मध्ये दोन भिन्न मार्गांनी संगणक आणला. म्हणून हे उदाहरण तुलनेस विशेष उपयुक्त ठरते.

जुनी कार्यपद्धती :

ही सेवा त्या काळी ६०० चौरस मैलांहून अधिक क्षेत्रातील सुमारे ६८ लाख लोकांसाठी कार्यरत होती. नियंत्रण कक्षात दररोज २,००० ते २,५०० दूरध्वनी येत. दूरध्वनी घेणारा कर्मचारी माहिती छापील फॉर्मवर लिहून घेई, नकाशाच्या पुस्तकात ठिकाण शोधी आणि फॉर्म सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पट्ट्याच्या टोकाशी एकाच अपघाताचे दुबार फॉर्म वेगळे काढले जात व उरलेले तीन विभागांच्या वाटप करणाऱ्यांकडे जात. कोणती गाडी कोठे असेल, कोणती लवकर पोचेल, हे या मंडळींना अनुभवाने उमगे. पद्धत संथ होती, फॉर्म गहाळही होत. परंतु तिच्यातील बरेचसे ज्ञान कोणत्याही फॉर्मवर लिहिलेले नव्हते.

१९९२ ची प्रणाली :

१९८९-९० च्या प्रदीर्घ वेतनविषयक संघर्षाने व्यवस्थापन व कर्मचारी यांच्यात दुरावा निर्माण केला होता. संगणकीकरणाचा पहिला प्रयत्न १९९० मध्ये सुमारे ७५ लाख पौंड खर्चून सोडून द्यावा लागला. दुसऱ्या प्रयत्नासाठी १० लाख पौंडांहून कमी रकमेची निविदा स्वीकारण्यात आली व ८ जानेवारी १९९२ ही मुदत ठरली. ती पाळणे शक्य झाले नाही. आराखडा ठरविताना संघटनांच्या प्रतिनिधींना निमंत्रणे गेली होती, तरी रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांचा सहभाग अत्यल्पच राहिला. निमंत्रण पाठविणे आणि सहभागी करून घेणे यांत अंतर असते, ते येथे कोणी ओलांडले नाही.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी प्रणाली सुरू झाली. गाडी निघाली, पोचली, मोकळी झाली, हे कर्मचाऱ्यांनी गाडीतील बटणे दाबून कळवावे, अशी अपेक्षा होती. बटण चुकले किंवा संदेश पोचला नाही, की संगणकाच्या लेखी ती गाडी भलतीकडेच असे. मग एकाच ठिकाणी दोन गाड्या जात, तर कोठे दूरची गाडी पाठविली जाई. वाट पाहून थकलेले लोक पुन्हा दूरध्वनी करीत आणि सूचनांची यादी पडद्यावरून वर सरकत नाहीशी होई. जुन्या पद्धतीत हा गोंधळ आवरणाऱ्या माणसांना नव्या रचनेत हस्तक्षेपास फारसा वाव उरला नव्हता. २७ तारखेस दुपारी अंशतः जुन्या पद्धतीकडे वळावे लागले. २८ तारखेस मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरच्या पहाटे प्रणाली पूर्णपणे बंद पडली. त्याचे कारण तांत्रिक होते : प्रोग्राममध्ये राहून गेलेल्या काही ओळी संगणकाची स्मृती व्यापत गेल्या होत्या.

विलंबामुळे रुग्ण दगावल्याचे आरोप वृत्तपत्रांनी केले. चौकशीत ते सिद्ध झाले नाहीत. फेब्रुवारी १९९३ च्या अहवालातील एक निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. २६ व २७ ऑक्टोबर रोजी संगणक तांत्रिक अर्थाने बिघडलेला नव्हता. त्याची रचना जशी होती, तसेच त्याने काम केले. दोष रचनेतच होता. नियंत्रण कक्षातील व गाडीवरील कर्मचाऱ्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता आणि सर्वांचे प्रशिक्षणही पूर्ण झालेले नव्हते, असेही अहवालात नमूद आहे.

१९९६ ची प्रणाली :

मार्टिन गोरहॅम यांच्या नेतृत्वाखाली पुढील प्रणाली संस्थेतच विकसित झाली. तिचे कच्चे नमुने नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांपुढे ठेवून, त्यांच्या सूचनांनुसार ते बदलण्यात आले. जानेवारी १९९६ मध्ये ती टप्प्याटप्प्याने वापरात येऊ लागली. प्रारंभी संगणकाकडे मुख्यतः दूरध्वनीवरील माहिती नोंदविण्याचे काम होते. कोणती गाडी पाठवावी, हा निर्णय वाटप करणाऱ्या कर्मचाऱ्याकडेच राहिला.